घाबरलेल्या माणसाचं बटण

शेवाळे नाना पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आले तेव्हा तीन दिवस त्यांनी एकाही संगणकाला हात लावला नाही.

मी तेव्हा नाशिकरोडच्या एका सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल होते. एका कारखान्याने आपल्या कार्यालयातले अकरा जुने संगणक आम्हाला देणगी म्हणून पाठवले होते. बटण दाबून माणूस बाहेर जाई, वर्तमानपत्राचं एक पान वाचून परत येई, तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. कार्यकारिणीत ते भंगारात काढायची भाषा सुरू झाली होती. तेवढ्यात एका सभासदाने सुचवलं, की एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ जेलरोडला राहतात, जुनी मशीनं चालती करायचा त्यांना नाद आहे, त्यांना विचारून बघा.

ते आले. बारीक अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि एक वही. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्यात असा आमचा काही नियम नव्हता, पण त्यांनी काढल्या. खुर्च्या रिकाम्या असताना कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि भिंतीला टेकून बसले. लोक येत होते, संगणकाशी झटत होते, वैतागून उठत होते. नाना मधूनच वहीत काहीतरी लिहीत होते. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, कामाला कधी सुरुवात करणार?"

"साहेब नको, नाना म्हणा," ते म्हणाले. "आणि काम सुरूच आहे, मॅडम. माणूस कुठे थांबतो ते बघतोय."

ती वही नंतर कधीतरी मी चाळली. त्यात संगणकाबद्दल एक अक्षर नव्हतं. 'म्हातारे गृहस्थ. पेन्शनचा दाखला. छापायचं कुठून ते सापडलं नाही, न विचारता निघून गेले.' 'मुलगी. फोटो फार मोठा आहे असं मशीन सांगतंय. लहान कसा करायचा माहीत नाही. रडवेली.' 'बाई. चुकून खिडकी बंद झाली. हात मागे घेतला, पुन्हा लावला नाही.' अशा नोंदींनी पानंच्या पानं भरलेली होती.

मग त्यांनी अकराही संगणकांवरचं जुनं सगळं पुसलं आणि नवं घातलं. मी यातली जाणकार नाही, मला समजलं तसं सांगते. संगणक सुरू केला की समोर जो पडदा येतो, खालची पट्टी, घड्याळ, खिडक्या, कोपऱ्यातलं बटण दाबलं की उघडणारी प्रोग्रॅमची यादी, हे सगळं, ज्याला मिळून डेस्कटॉप म्हणतात, ते कोणीतरी बसून घडवलेलं असतं. बहुतेकांसाठी ते एखादी कंपनी घडवते आणि ते जसं असेल तसं आपण घेतो. पण काही ठिकाणी ते उघड्यावर घडतं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ते लिहितात, कोणालाही वाचू देतात, बदलू देतात, वाटू देतात. याला ओपन सोर्स म्हणतात. अशाच एका डेस्कटॉपवर नाना कित्येक वर्षं काम करत होते. त्यातही त्यांच्या वाट्याला आलेला भाग एकच, ती कोपऱ्यातल्या बटणामागची यादी. तिला लाँचर म्हणतात. कितीही मोठं काम करायचं असो, माणूस आधी त्या यादीपाशी येतो. नानांचं सगळं लक्ष त्या यादीपाशी उभ्या असलेल्या माणसावर होतं.

त्याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. एकलहऱ्याला ते नियंत्रण कक्षातल्या मापनयंत्रांची देखभाल करत. एकदा एक नवा ऑपरेटर पाळीवर असताना धोक्याची घंटा वाजली. समोर दोन सारखे स्विच होते, दोन्हींवर इंग्रजीत नीट नाव लिहिलेलं. त्याने भलताच दाबला. मोठा अनर्थ झाला नाही, पण त्या पोराची चौकशी लागली, त्याने वाचलं कसं नाही म्हणून. नानांनी दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका स्विचला जाड चिकटपट्टी गुंडाळली, हाताला नुसती लागली तरी कळावी अशी. वरिष्ठांनी विचारलं, हे काय. नाना त्यांना म्हणाले होते, "घाबरलेला माणूस वाचत नाही, साहेब. तो हात टाकतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतर अनेकदा ऐकलं. यादीत काही नवीन घालायचं असलं की ते आधी विचारत, हे घाबरलेल्या माणसासाठी आहे का. नसेल तर ते मागे जाई.

आमच्या संगणकांवर त्यांनी जी यादी लावली तिच्यात वरती चारच गोष्टी होत्या. अर्ज भरा. पत्र लिहा. फोटो छोटा करा. छापा. फोटो छोटा करा ही गोष्ट कोणी कधी यादीत एवढ्या वर आणली नव्हती. पण प्रत्येक सरकारी अर्जाला फोटो ठरावीक मापातच लागतो, आणि आमच्याकडे येणारी अर्धी माणसं त्या मापापाशी अडून बसलेली असत. त्या बटणाला सगळ्यात जास्त हात लागत. खालचं बाकी सगळं शोधून काढायचं, आणि शोधायची पेटी मराठीत.

त्या शोधपेटीसाठी नाना शब्द गोळा करत. कळवणकडचे एक शेतकरी सातबारा घेऊन आले आणि म्हणाले, "मला कागद काढायचा हाय." नानांनी वही उघडली आणि लिहिलं, कागद काढणे म्हणजे छापणे. नांदगावची एक बाई 'चिठ्ठी' शोधत होती, तिला हवा होता तो पत्र लिहायचा प्रोग्रॅम. तेही वहीत गेलं. नाना स्वतः सटाण्याकडचे, घरची भाषा अहिराणी. आमच्याशी ते शहरातल्यासारखं बोलत, पण पडद्यावर एखादा अगम्य निरोप उमटला की पुटपुटत, "हाई काय शे?" आणि तो निरोप ज्याने लिहिला त्या परदेशातल्या माणसाला त्याच दिवशी पत्र जाई, की हे वाचून माणसाने पुढे काय करायचं ते कृपा करून सांगावं.

त्यांचं आणि बर्वे बाईंचं वाजलं ते याच शोधपेटीवरून. बर्वे बाई आमच्या कार्यकारिणीत होत्या. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, शब्दाला पक्क्या. त्यांच्या लक्षात आलं की शोधपेटीत कोणी 'चित्र' दीर्घ लिहिलं, 'परीक्षा' ऱ्हस्व लिहिलं, तरी लाँचर मुकाट्याने बरोबर तेच उघडतो. त्यांनी नानांना माझ्या टेबलापाशी गाठलं. म्हणाल्या, ही तुम्ही मुलांची सोय करता आहात की वाट लावता आहात? चुकीचं लिहून काम होतं असं कळल्यावर बरोबर लिहायचे कष्ट कोण घेईल?

नानांनी सगळं ऐकून घेतलं. ते बोलताना कधी घाई करत नसत. मग म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात लाल शाई असलीच पाहिजे. पण इथे येणारा माणूस शाळेत आलेला नाही. त्याला दाखला काढायचाय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून त्याला परत पाठवायचं का?"

बाई तडक निघून गेल्या. मला वाटलं आता कार्यकारिणीत तक्रार होणार. आठवड्याने त्या आल्या ते हातात फुलस्केपचे चार कागद घेऊन. तीस वर्षांत मुलं कुठे कुठे चुकतात याची त्यांनी आठवून आठवून केलेली यादी होती. श आणि ष, ण आणि न, रफार कुठे जातो, जोडाक्षर कसं फुटतं, सगळं वर्गवारी करून सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. कागद नानांपुढे ठेवून म्हणाल्या, चुकाच पोटात घालायच्या असतील तर निदान सगळ्या घाला. नानांनी ते कागद दोन्ही हातांनी घेतले. त्यांतली प्रत्येक ओळ पुढे लाँचरमध्ये गेली आणि तिथे बाईंचं नाव लागलं. शाळांतल्या मुलांच्या चुकांची ती यादी आज कुठे कुठे चालते आहे कोण जाणे.

नानांना चूक झाल्याचं दुःख कसं होतं ते मला कोमलमुळे कळलं.

कोमल मखमलाबादच्या बाजूची. घरी शेवंती आणि झेंडूची शेती, वडील रोज पहाटे फुलं बाजारात नेत. तिला नर्सिंगला जायचं होतं. ती दोन आठवडे आमच्याकडे येऊन प्रवेशाच्या अर्जाची तयारी करत होती. एकेक दाखला आणून, तो स्कॅन करून वाचनालयाच्या संगणकात ठेवत होती. जातीचा दाखला तेवढा राहिला होता. तो तिला अगदी शेवटच्या दिवशी सकाळी मिळाला. अर्जाची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

आदल्या दिवशी नानांनी घरी बसून लाँचरची नवी आवृत्ती आमच्या अकराही संगणकांवर पाठवली होती. त्यांच्या स्वतःच्या संगणकावर ती नीट चालली होती. आमच्या जुन्या मशीनवर ती सुरूच झाली नाही. कोमल दुपारी तीनला संगणकाची खोली उघडताच आली, संगणक लावला, तर पडद्यावर नुसता निळा रंग. बटण नाही, पट्टी नाही, काही नाही. तिने दुसरा लावला, तिसरा लावला. मी नानांना फोन लावत राहिले. ते एका नातेवाइकाच्या दशक्रियेला सटाण्याकडे निघालेले, बसमध्ये होते, फोन लागत नव्हता. लागला तेव्हा पावणेपाच झाले होते. त्यांनी फोनवरून सांगितलेल्या तीन कळा मी दाबल्या आणि सगळं समोर आलं. पण कोमल तोवर थांबली नव्हती. दाखल्यांची पिशवी छातीशी धरून ती स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेकडे पळाली होती. तिथे रांग होती. पाच वाजून गेले.

नाना त्याच संध्याकाळी दशक्रियेच्या गावाहून परत फिरले. दुसऱ्या दिवशी ते आणि मी प्रवेशाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने सगळं ऐकलं आणि मुदत संपल्यावर त्याच्या हातात काही नाही असं सांगितलं. त्याचं खोटं नव्हतं. मग नाना म्हणाले, आपण तिच्या घरी जाऊ.

घर शेतातच होतं. ओट्यावर फुलांच्या रिकाम्या करंड्या पडल्या होत्या. कोमलचे वडील बाहेर आले. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान दोन शब्द बोलतील. नानांनी उभ्यानेच सांगितलं, की मी अमुक, संगणक माझ्यामुळे बंद पडले, तुमच्या मुलीचं वर्ष माझ्यामुळे गेलं. वडिलांनी ओट्यावरच्या करंड्या बाजूला सारल्या. मग त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "तारीख गेली ती गेली, साहेब. पण पोरगी कालपासून जेवत नाय. तिला वाटतंय तिनंच काही तरी चुकीचं दाबलं. तेवढं तुम्ही तिला सांगा."

नानांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. कोमलला बाहेर बोलावलं. ती दाराशी उभी राहिली, खाली बघत. नानांनी तिला सांगितलं, की तू काहीही चुकीचं दाबलं नव्हतंस. ती म्हणाली, मी तीन-तीन संगणक लावून बघितले, म्हणून बिघडलं का? नाना म्हणाले, नाही. ते आदल्या दिवशीच बिघडलेले होते, माझ्या हातून. तिचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं. तेव्हा त्यांनी खिशातली वही काढली, एक पान फाडलं आणि त्यावर लिहून दिलं. 'वाचनालयातले संगणक माझ्या चुकीमुळे बंद पडले. कोमलने काहीही चुकीचे केले नाही.' खाली पूर्ण नाव, सही. तिने ते पान वाचलं, घडी केली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिच्या आईने येऊन हळूच सांगितलं, की ताटावर बसलीये.

परतताना नाना रिक्षात एकच बोलले. "यंत्र बिघडलं की माणूस आधी स्वतःला दोष देतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी न तपासता पाठवलं."

त्यांनी ती चूक प्रकल्पाच्या जाहीर पानावर लिहिली, जिथे जगभरातले लोक वाचतात. स्वतःची बाजू मांडणारं त्यात काही नव्हतं. कार्यकारिणीत त्यांना काढून टाकायचा विषय निघाला, तेव्हा बर्वे बाई म्हणाल्या, की चूक झाल्यावर दारात जाऊन सांगणारा माणूस काढला तर त्याच्या जागी आणणार कोणाला? विषय तिथे संपला. पुढचे चार महिने नानांनी एकही नवी गोष्ट केली नाही. फक्त एवढंच बसवलं, की लाँचर कोसळला तर मागची साधी, चालणारी यादी आपोआप पुढे यावी. तो बदल सर्वांनी घेतला. आज तो डेस्कटॉप वापरणाऱ्या कोणालाही माहीत नसेल, की ही सोय कोणाच्या गेलेल्या वर्षामुळे आली.

कोमलला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. तिने अर्ज दुसरीकडून भरला, आमच्याकडे ती पुन्हा आली नाही. मी नानांना हे सांगितलं तेव्हा वाटलं ते हलके होतील. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चांगलं झालं. पण वर्ष गेलंच तिचं." नवी आवृत्ती पाठवताना ते त्यानंतर नेहमी मला फोन करून विचारत, कशाची शेवटची तारीख जवळ आहे का? असली तर त्या आठवड्यात ते कशालाही हात लावत नसत.

कंपवात त्यांना त्यानंतर दोनेक वर्षांनी जडला. आधी उजवा हात, मग डावाही. एक कळ दाबायला जावं तर तीच तीनदा दाबली जाई. औषधं सुरू होती, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की हे उतरणार नाही, हळूहळू चढत जाईल. आणि नेमकं त्याच सुमाराला त्या डेस्कटॉपवाल्यांनी ठरवलं, की लाँचर मुळापासून नव्याने लिहायचा. नव्या पद्धतीत जुनं काही बसणार नव्हतं. शोधपेटीतलं नानांचं सगळं काम, ते शब्द, त्या चुकांची यादी, सगळं मागे राहणार होतं. एकाने चर्चेत साधेपणाने विचारलं, की ही भाषा वापरणारे किती जण आहेत? नानांकडे आकडा नव्हता. त्यांनी शब्दकोश घेऊन, दोन दिवस खपून, इंग्रजीत एक पत्र लिहिलं. त्यात कळवणच्या त्या शेतकऱ्याची आणि नांदगावच्या बाईची हकीकत होती, दुसरं काही नव्हतं. उत्तर आलं, की तुमचं म्हणणं पटतं, पण नव्या पद्धतीत ते लिहून देणारं कोणी हवं.

शहरातली चार-पाच तरुण इंजिनियर मुलं नानांकडे येत. त्यांचं म्हणणं पडलं, की कशाला त्यांच्या मागे लागता, आपण आपलं वेगळं काढू. जुन्यावरूनच आपला स्वतंत्र डेस्कटॉप करू, नाशिकचा. मुलं मनापासून बोलत होती. नाना त्यांना म्हणाले, "वेगळं काढलं तर ते माझ्याबरोबर संपेल. मोठ्या घरात ठेवलं तर कोणीतरी झाडलोट करत राहील."

म्हणून त्या वयात, तसल्या हातांनी, त्यांनी नवी संगणकभाषा शिकून सगळं पुन्हा लिहायला घेतलं. हात चालेनात तेव्हा सुमनकाकू पुढे आल्या. काकू त्यांच्या पत्नी, अंगणवाडीत उभी हयात काढलेल्या. संगणकाला त्यांनी तोवर पुसायला सोडून हात लावला नव्हता. पहिल्यांदा त्या नको म्हणाल्या, माझ्याने चुकेल म्हणाल्या. नाना म्हणाले, चुकलं तर मी आहे. मग रोज दुपारी जेवणं आटोपल्यावर दोघं खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. नाना डोळे मिटून सांगत आणि काकू एका बोटाने टंकत. मी पुस्तकं पोहोचवायला जाई तेव्हा दारातूनच ऐकू येई. "कंस उघड. आता महिरपी. नाही, ती दुसरी. आता ओळ बदल, चार जागा सोड." आणि काकूंचा आवाज, "सोडल्या. पुढे?" अर्थ त्यांना एका ओळीचाही कळत नव्हता. पण कुठला कंस उघडा राहिला आहे ते त्या नानांच्या आधी सांगू लागल्या.

वर्षभर हे चाललं. काम पुरं झालं, मोठ्या घरात घेतलं गेलं. प्रत्येक बदलाखाली नानांनी एक ओळ न चुकता लिहवून घेतली होती, टंकन सुमन शेवाळे. पलीकडून कोणीतरी विचारलं, की या सुमन कोण, त्यांनाही सहकारी म्हणून नोंदवायचं का? नानांनी ते काकूंना मराठीत करून सांगितलं. काकू म्हणाल्या, त्यांना कळवा, मला फक्त कंस येतात. नानांनी तसंच कळवलं. त्यांचं नाव नोंदवलं गेलं. पुढे परदेशातल्या कुठल्याशा छोट्या भाषेच्या एका माणसाने नानांचीच रीत घेऊन आपल्या भाषेतल्या चुका लाँचरमध्ये पोटात घातल्याचं पत्र आलं. नाना त्या दिवशी जेवताना दोनदा ते पत्र वाचायला उठले, असं काकूंनी मला सांगितलं.

आता सांभाळणारं कोणी हवं होतं. जळगावकडची ऋतुजा नावाची एक मुलगी पुण्यात नोकरी करत होती, तिने हे काम बघून नानांना पत्र लिहिलं. नानांनी तिला वर्षभर पारखलं. तिचा प्रत्येक बदल काकूंकडून मोठ्याने वाचून घेतला. पहिले सहा परत पाठवले. ती चिडली नाही, तेव्हा त्यांना ती आवडली. दोघं फोनवर अहिराणीत बोलायला लागली, तेव्हा काकूंना वाटलं, आता हा माणूस सुटला.

मी नानांना शेवटचं पाहिलं ते फेब्रुवारीतल्या एका दुपारी. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. न्यूमोनिया झाला, चार दिवस रुग्णालयात होते, एवढंच निमित्त. मी तेव्हा मुलीकडे गेले होते, मला पोहोचता आलं नाही. म्हणून माझ्यापाशी आहे ती ही दुपार.

मी गेले तेव्हा नाना टेबलाशी स्टुलावर बसलेले होते. पडद्यावर एक यादी होती, डेस्कटॉपचा कुठला भाग कोणाच्या जबाबदारीवर आहे त्याची. लाँचरपुढे ऋतुजाचं नाव आदल्या आठवड्यातच घातलं गेलं होतं. त्याच्या खाली अजून नानांचं होतं. ते त्यांना काढायचं होतं. मी म्हटलं, राहू द्या की नाना, असलं तर बिघडलं काय. ते म्हणाले, "नाव आहे तोवर लोक मला विचारतात. मी उत्तर द्यायला आठवडा लावतो. तोवर कोणाचं तरी काम अडतं."

काकू पुढे झाल्या. "मी करू का?"

"नको. हे माझं मीच करतो."

काकू मागे सरल्या आणि माझ्याशेजारी पलंगावर बसल्या. एक ओळ पुसायची होती. नानांनी उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरलं आणि बोट कळेवर नेलं. ते घसरलं, खालची दुसऱ्याच कुणाची ओळ पुसली गेली. त्यांनी ती परत आणली. पुन्हा मनगट धरलं. पुन्हा अक्षरं जास्त गेली, पुन्हा परत आणली. बाहेर भाजीची गाडी येऊन गेली, काकूंनी चहा केला, तो निवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी ती ओळ गेली, आणि इतर सगळी नावं जागच्या जागी राहिली. त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत यादी वाचली, मग पाठवली.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं. आता माझ्यासाठी कोणी थांबणार नाही."

ते त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, की चहा गार झाला तुमचा, दुसरा करायला सांगू का. मी नको म्हटलं. थोडा वेळ बसले, वाचनालयातल्या नव्या पुस्तकांचं बोललो, बर्वे बाईंच्या गुडघ्यांचं बोललो, आणि मी निघाले.

फाटकाशी येऊन मी मागे पाहिलं. खिडकी उघडी होती. नानांनी आपलं स्टूल फिरवून घेतलं होतं. काकू पलंगावर बसून त्यांना काहीतरी सांगत होत्या, बहुधा घरातलंच काही, आणि ते दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. इतक्या वर्षांत पडद्याकडे पाठ करून बसलेले नाना मी पहिल्यांदाच पाहत होते.